१९१८ ची मानमोडी : जगाचा आकडा आणि गावाची नोंद

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले. त्या युद्धाने जगाचा नकाशा बदलला, म्हणून त्याचा इतिहास शाळाशाळांतून शिकविला जातो. परंतु त्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाची जी साथ जगभर पसरली, तिने युद्धापेक्षाही अधिक माणसे नेली. युरोप-अमेरिकेत ती ‘स्पॅनिश फ्लू’ या नावाने ओळखली गेली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत तिला ‘मानमोडी’ असे नाव पडले. अंग मोडून येणे, मान टाकणे, चार-पाच दिवसांत छाती भरून येऊन माणूस जाणे, हे सारे त्या एका शब्दात लोकांनी साठविले.

ही साथ जवळजवळ सर्व खंडांत एकाच वर्षात फिरली. रोग एकच होता. परंतु त्याचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा झाला नाही. काही प्रदेशांत हजारी पाच-सात माणसे दगावली, काही ठिकाणी पन्नास, तर एका बेटावर लोकसंख्येचा पाचवा हिस्सा नाहीसा झाला. हा फरक का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील नशिराबादसारखे मोठे गाव नजरेसमोर ठेवून तो केल्यास पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांना त्याचा अधिक उपयोग होईल असे वाटते.

तुलनेचे माप

दोन प्रदेशांची तुलना करताना मृत्यूंची नुसती संख्या पाहून चालत नाही. मोठ्या देशात मृत्यू अधिक दिसणारच. म्हणून दर हजार लोकसंख्येमागे किती मृत्यू झाले हे पाहावे लागते. निरनिराळ्या अभ्यासकांचे अंदाज एकत्र करून स्थूलमानाने पुढील चित्र मिळते.

पश्चिम सामोआ : सुमारे ८,५०० मृत्यू, दर हजारी सुमारे २२०
हिंदुस्थान : सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख, दर हजारी सुमारे ४० ते ६०
दक्षिण आफ्रिका : सुमारे ३ लाख, दर हजारी ४० हून अधिक
जपान : सुमारे ३ लाख ९० हजार, दर हजारी सुमारे ७
अमेरिकेची संयुक्त संस्थाने : सुमारे ६ लाख ७५ हजार, दर हजारी सुमारे ६ ते ७
इंग्लंड व वेल्स : सुमारे २ लाख, दर हजारी सुमारे ६
ऑस्ट्रेलिया : सुमारे १२ ते १५ हजार, दर हजारी ३ च्या आत
अमेरिकन सामोआ : एकही मृत्यू नाही

साऱ्या जगातील मृत्यूंचा अलीकडचा अंदाज ५ कोटींच्या घरात जातो. तो ग्राह्य धरला तर दर चार मृतांपैकी सुमारे एक हिंदुस्थानातील होता असे म्हणावे लागते. जगातील कोणत्याही एका देशात या साथीने एवढी माणसे नेल्याचा दाखला नाही.

मुंबईहून खानदेशाकडे

महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची जहाजे १९१८ च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरात लागत होती. १० जून रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हा हिवताप नव्हता. थोड्याच दिवसांत गोदी, कचेऱ्या, गिरण्या व चाळी यांतून तोच ताप पसरला. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. परंतु सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती अत्यंत घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

मुंबईहून ही साथ आगगाडीने देशभर गेली. रेल्वे व टपाल खात्यांतील नोकर, सुटीवर जाणारे शिपाई आणि शहर सोडून गावाकडे निघालेले मजूर यांच्याबरोबर ती स्थानकास्थानकांवर उतरली. या दृष्टीने खानदेशाचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव यांवरून भुसावळला येतो आणि तेथे त्याला फाटे फुटतात. एक वऱ्हाड-नागपूरकडे जातो, दुसरा खांडवा-इटारसीकडे. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हे दोन्ही प्रांत देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी होते, आणि खानदेश त्या दोहोंच्या सांध्यावर होता. नशिराबादच्या जवळचे भादली हे स्थानक जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यान याच मार्गावर आहे. ज्या मार्गाने कापूस मुंबईला जात होता, त्याच मार्गाने साथही येऊ शकत होती.

देशातही सर्व प्रांतांना सारखा फटका बसला नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात दुसरी लाट झपाट्याने आली, तिचा जोर मोठा होता आणि ती थोड्या आठवड्यांत ओसरली. पूर्वेकडे सरकत बंगाल व आसामपर्यंत पोहोचेतो तिचा वेग व घातकता दोन्ही कमी झाल्याचे दिसते. तेथे ती अधिक काळ रेंगाळली, परंतु मृत्यूचे प्रमाण खाली राहिले. ज्यांच्याकडे साथ आधी आली त्यांना तयारीला उसंतच मिळाली नाही.

फरक का पडला?

या फरकाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी चार प्रमुख कारणांचा येथे विचार करू.

पहिले कारण दळणवळणाचे. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘टलून’ हे जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात आले. जहाजावर रुग्ण असतानाही उतारूंना उतरू देण्यात आले, आणि थोड्या आठवड्यांत बेटावरील शेकडा सुमारे बावीस माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पोयर यांनी मात्र बेटावर येणाऱ्या जहाजांना कडक बंदी घातली, स्थानिक लोकांनी किनाऱ्यावर पहारे ठेवले आणि तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. दोन्ही बेटांवरील लोक एकाच वंशाचे, एकाच भाषेचे. अंतर काही मैलांचे. ऑस्ट्रेलियानेही ऑक्टोबर १९१८ पासून जहाजांवर विलग्नवासाचा नियम लावला. साथ तेथे पोहोचली ती जानेवारी १९१९ मध्ये, तिचा पहिला तडाखा ओसरल्यानंतर. मुंबई बंदर मात्र युद्धाच्या वाहतुकीसाठी अहोरात्र खुले होते, आणि भुसावळसारख्या जंक्शनावरून गाड्या थांबविणे त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या विचारातही नव्हते.

दुसरे कारण अन्नाचे. १९१८ साली पावसाने लवकर पाठ फिरविली. खरीप बुडाला, रब्बीची आशा उरली नाही, धान्याचे भाव चढले आणि चाऱ्याची टंचाई झाली. अशा वेळी, भाद्रपद-आश्विनात, साथीचा जोर वाढला. ज्वारी-बाजरीची कापणी व कापसाची वेचणी यांचे हे दिवस. घरातील कर्ती माणसेच अंथरुणाला खिळल्यावर जे काही पीक उभे होते तेही शेतातून घरी येणे अवघड झाले. त्यामुळे साथीने उपासमार वाढविली आणि उपासमारीने साथीचे बळी वाढविले. शिवाय हिवताप व प्लेग यांनी शरीरे आधीच खंगलेली होती. १८९६ पासून प्लेगने मुंबई इलाख्याची पाठ सोडलेली नव्हती.

तिसरे कारण शुश्रूषेचे. बहुतेक मृत्यू इन्फ्ल्युएन्झाच्या विषाणूने एकट्याने झाले नाहीत. त्यामागून आलेल्या जंतुजन्य न्यूमोनियाने झाले, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. त्या वेळी विषाणूची ओळखच पटलेली नव्हती. मानवी इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू १९३३ साली वेगळा करण्यात आला आणि पेनिसिलीनचा शोध १९२८ चा. म्हणजे लंडनच्या व न्यूयॉर्कच्या डॉक्टरांकडेही या रोगावर रामबाण औषध नव्हते. तरीही तेथे मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. पुरेसे अन्न, हवेशीर जागा, स्वच्छ पाणी, उबदार पांघरूण आणि ताप उतरल्यावरही काही दिवस विश्रांती, एवढ्या गोष्टींनीही पुष्कळ जीव वाचत होते. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय अधिकारी मोठ्या संख्येने युद्धसेवेत गेलेले, खेड्यात दवाखाना नाही, आणि घरातील सारीच माणसे एकाच वेळी आजारी असल्यामुळे पाणी देणारेही कोणी उरलेले नसे.

या साथीचा एक विशेष असा की, तिने म्हातारे व बालके यांच्यापेक्षा वीस ते चाळीस या वयाची माणसे अधिक प्रमाणात ओढून नेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले, हेही नमूद केले पाहिजे. गर्भवती स्त्रियांना धोका सर्वात जास्त होता. आजाऱ्यांची उस्तवार करणारी स्त्रीच असे, आणि घरात सर्वांच्या मागून जेवणारीही तीच असे.

चौथे कारण सामाजिक विषमतेचे. मुंबई शहरातील मृत्यूंचा जो तपशील पुढे प्रसिद्ध झाला, त्यात युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३ व पारशांमध्ये ९ मृत्यू दाखविले आहेत. त्या अहवालाने ज्यांचा ‘कनिष्ठ जातींचे हिंदू’ असा उल्लेख केला, त्यांच्यात हेच प्रमाण दर हजारी ६१.६ होते. शहर एक, बंदर एक, हवामान एक. फरक होता तो दाटीच्या खोल्यांचा, अपुऱ्या मजुरीचा आणि बंद असलेल्या दारांचा. न्यूझीलंडमध्येही मूळचे माओरी लोक आणि गोरे वसाहतवाले यांच्या मृत्युप्रमाणात सात-आठ पटींचे अंतर पडले. तेव्हा जगाच्या प्रदेशांमध्ये जो भेद दिसतो, तोच एका शहरात आणि कदाचित एका गावातही दोन वस्त्यांमध्ये दिसू शकतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

एकच देश, अनेक आकडे

हिंदुस्थानातील मृत्यूंचा आकडा वर १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख असा दिला आहे. एवढे मोठे अंतर का? त्या वेळचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली प्राथमिक अहवालात सुमारे ६० लाखांचा अंदाज केला होता. १९२१ ची शिरगणती झाल्यावर तो १ कोटी २० लाखांच्या पुढे गेला. नंतरच्या संशोधकांपैकी कोणी १ कोटी ३८ लाख, तर कोणी १ कोटी ७०-८० लाख असे अनुमान काढले.

प्राथमिक अंदाज कमी पडला, कारण तो गावोगावच्या नोंदींवर उभा होता. मृत्यूची वर्दी गावच्या पाटील-कोतवालाने द्यावयाची, ती तालुक्याला जावयाची, तेथून जिल्ह्याला. परंतु साथीत पाटील-कोतवालही आजारी पडले, काही दगावले. दहनाला लाकूडफाटा मिळेनासा झाल्यावर नद्यांत प्रेते सोडली जात होती. अशा दिवसांत वही भरणार कोण? शिवाय ज्यांची नोंद झाली त्यांपैकी पुष्कळांच्या नावापुढे मृत्यूचे कारण म्हणून नुसते ‘ताप’ एवढेच लिहिले गेले. त्यामुळे या साथीचे खरे माप शिरगणतीनंतरच कळले. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागाची लोकसंख्या १९११ साली सुमारे २ कोटी १४ लाख ७५ हजार होती. ती १९२१ साली २ कोटी ८ लाख ५० हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे ३ टक्क्यांनी घटली. त्यानंतरच्या एकाही दशकात राज्यात अशी घट झालेली नाही.

शाळेसाठी एक अभ्यास

माध्यमिक शाळेतील इतिहास व गणित या दोन्ही विषयांना धरून एक उपयुक्त अभ्यास घेता येईल. गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही गाव नमुना नंबर १४ या नावाने ओळखली जाते. लोक तिला कोतवाल बुक असेही म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल काढण्यापुरताच तिचा परिचय आज उरला आहे. परंतु साथीच्या इतिहासाचे ते पहिल्या प्रतीचे साधन आहे. ज्या गावांच्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शाबूत आहेत, त्यांची रीतसर परवानगी घेऊन पाहणी करावी. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणाऱ्या जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागेल. एकोणिसाव्या शतकात या तालुक्याला नशिराबादचेच नाव होते. अशा जुन्या गावी हा अभ्यास विशेष रंजक ठरेल.

अभ्यासाची रीत सोपी आहे. मृत्यूचे कारण काय लिहिले आहे याकडे प्रथम पाहू नये. फक्त महिनावार संख्या मोजावी. समजा, एखाद्या दोन हजार वस्तीच्या गावात १९१३ ते १९१७ या पाच वर्षांत ऑक्टोबर महिन्यातील मृत्यूंची सरासरी १० येते आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये ७० मृत्यूंची नोंद आढळते. तर ६० मृत्यू नेहमीपेक्षा अधिक झाले. म्हणजे दर हजारी ३०. यालाच ‘अधिक मृत्यू’ काढण्याची पद्धत म्हणतात. ज्या वर्षी गावात प्लेग किंवा पटकी होती ते वर्ष सरासरीतून वगळावे. त्यानंतर १९१९ च्या मध्यावरील जन्मांची संख्या मोजावी. आदल्या शरद ऋतूत किती संसार मोडले याचा अंदाज त्या रिकाम्या ओळींवरून येतो. आलेला दर वरील यादीशी ताडून पाहावा. विद्यार्थ्यांनी केवळ संख्या मोजाव्यात. व्यक्तींची नावे व जाती वर्गात वा फलकावर मांडू नयेत, एवढी दक्षता शिक्षकांनी घ्यावी. मृत्यूंची संख्या अपेक्षेपेक्षा कमी आढळली तर गाव बचावले असे लगेच मानू नये. त्या महिन्यात वही नियमित भरली गेली होती काय, हे आधी पाहावे.

नंतरच्या साथी

१९१८ नंतरही इन्फ्ल्युएन्झाच्या जागतिक साथी आल्या. १९५७ ची साथ मे महिन्यात मद्रास बंदरातून देशात शिरली. फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशात सुमारे ४४ लाख ५० हजार रुग्णांची व १,०९८ मृत्यूंची नोंद झाली. १९१८ शी ताडून पाहता हा फरक प्रचंड आहे. विषाणू तुलनेने सौम्य होता, प्रतिजैविके उपलब्ध झाली होती, आणि आरोग्ययंत्रणा सावध होती. अर्थात ही नोंद झालेल्यांचीच संख्या, हेही विसरता येत नाही. २००९ साली नव्या प्रकारच्या विषाणूची साथ आली तेव्हा देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. त्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची तपासणी, विषाणुरोधक औषध व पुढे लस ही तिन्ही साधने हाताशी होती.

२०२० साली आलेला कोविड हा इन्फ्ल्युएन्झा नव्हे. परंतु त्याने तेच जुने प्रश्न पुन्हा उभे केले. देशात या रोगाने झालेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा सुमारे ५ लाख ३० हजार आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांतील अधिक मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मांडलेला अंदाज ४७ लाखांचा होता. त्यामागील गणितपद्धतीला भारत सरकारने हरकत घेतली. हा वाद कोणत्या बाजूने सुटावा हे येथे सांगावयाचे नाही. एवढे मात्र दिसते की, शंभर वर्षांनंतरही अशा प्रश्नाचे उत्तर अखेर गावोगावच्या मृत्युनोंदीतच शोधावे लागते.

ग्रामसंस्थांपुढील कार्य

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून प्रत्येक मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावयाची असते. नशिराबाद दीर्घकाळ ग्रामपंचायतीचे गाव होते आणि अलीकडे त्याला नागरी संस्थेचा दर्जा मिळाला. संस्था बदलली तरी हे कर्तव्य बदलत नाही. नोंद पूर्ण असावी, वेळेवर असावी आणि शक्य तेथे मृत्यूचे वैद्यकीय कारण तीत असावे. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा मृत्यू अधिक दिसू लागले तर ते जिल्ह्याला कळण्याआधी गावाला कळते. मासिक सभेत आरोग्य उपकेंद्राच्या अहवालाबरोबर चालू महिन्याची मृत्युसंख्या वाचून दाखविण्याचा प्रघात पाडल्यास त्याला खर्च काहीच येणार नाही.

दुसरे कार्य साथीपूर्वीचे आहे. एकटे राहणारे वृद्ध, गर्भवती स्त्रिया, क्षयाचे व दम्याचे रुग्ण, रोजंदारीवर गुजराण करणारी कुटुंबे आणि गावाबाहेरच्या वस्त्या यांची यादी शांततेच्या काळात तयार असली पाहिजे. आजाऱ्याच्या घरी पाणी व शिजविलेले अन्न कोण पोहोचविणार, हे वस्तीवार ठरलेले असावे. शाळा, मंगल कार्यालये व बाजार केव्हा बंद करावयाचे, याचाही विचार आधी झालेला बरा. १९१८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक काढू दिली. सेंट लुईसने साथ दिसताच ७ ऑक्टोबरपासून शाळा व करमणुकीची ठिकाणे बंद केली. पहिल्या शहरात साथीच्या ऐन भरातील मृत्यूचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट झाले. हा निर्णय राजधानीने घेतलेला नव्हता. तो त्या त्या शहराच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी घेतला होता.

मुंबईहून येणाऱ्या गाड्या आजही जळगाव-भुसावळ मार्गानेच जातात आणि हमरस्त्यावरील वर्दळ शतकापूर्वीच्या कितीतरी पट वाढली आहे. पुढची साथ आली तर तीही याच वाटेने येण्याचा संभव आहे. तिला वाटेत पूर्णपणे अडविणे गावाच्या हाती नाही. परंतु आजारी माणसाच्या उशाशी पाणी असणे, त्याच्या घरी चूल पेटणे आणि जो गेला त्याचे नाव वहीत लागणे, या तीन गोष्टी गावाच्या हाती आहेत. जगातील निरनिराळ्या प्रदेशांच्या आकड्यांमध्ये जो फरक पडला, त्यात अशा साध्या गोष्टींचा वाटा मोठा होता. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी त्या दृष्टीने आपल्या गावाची तयारी आताच तपासून पाहावी.